वर्गात हशा पिकल्यावर

दहावीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात पु. ल. देशपांडे यांचा 'उपास' हा पाठ आहे. वजन उतरवण्याचा पण आणि त्यावर अख्ख्या चाळीचे सल्ले. अमरावतीच्या शाळेत वाचा की अकोल्याच्या, वर्ग हसतोच. मग तास सरता सरता 'स्वमत' येतं. ज्यावर पोरं आत्ता खिदळत होती, त्याच विनोदाची वैशिष्ट्यं मुद्देसूद लिहायची असतात, आणि तशी लिहिलेली तयार उत्तरं बाजारात मिळतात. पोरगं ती पाठ करतं. विनोदावरचं स्वतःचं मत पाठ करायचं, हाही एक विनोदच. पण त्यावर हसायला दहावीत सवड कोणाला?

आपला विषय त्याच्या अलीकडच्या वर्गांचा आहे, पहिली ते आठवीचा. चित्रांनी भरलेली, गमतीची गोष्टीची पुस्तकं घेऊन वर्गाला बोलतं करता येतं का, हे कोणी कसं केलं आहे, आणि वऱ्हाडात, मुख्यतः अमरावती नि अकोला जिल्ह्यांत, ते करताना काय आडवं येतं? विनोदी पुस्तक मुलांच्या हाती द्यावं की नाही, हा वाद मिटल्यात जमा आहे. अडतं ते हसणं थांबल्यानंतरच्या दहा मिनिटांपाशी. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या दहा मिनिटांत पोरांना घरच्या बोलीत बोलू दिलं आणि गुरुजींनी उत्तर खिशात ठेवून प्रश्न विचारला नाही, तर कुठलंही बरं पुस्तक चालतं. एरवी उत्तमातलं उत्तम पुस्तकही वाया जातं.

मराठीत अशी पुस्तकं नाहीत, ही सबब आता फारशी खरी राहिलेली नाही. बालभारतीनं १४ नोव्हेंबर १९७१ ला 'किशोर' मासिक सुरू केलं, आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. याच बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांना एकेकाळी शि. द. फडणीसांची चित्रं होती. ज्याच्या चित्राला शब्द लागत नाहीत अशा व्यंगचित्रकाराला आकडेमोडीच्या पुस्तकात बोलवायचं, ही सरकारी पाठ्यपुस्तकांच्या इतिहासातली फार धीट कल्पना होती. ती नंतर रुजायला हवी होती तेवढी रुजली नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला. त्याच्या आधी-नंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, राजीव तांबे यांचं प्रेमळ भूत अशी मंडळी आलीच. एक गोष्ट मात्र खटकते. ना. धों. ताम्हनकरांच्या 'चिंगी'सारखे अपवाद सोडले, तर खोड्या करण्याचा मान बहुतेक पोरांकडेच. पोरी चित्राच्या कडेला उभ्या राहून 'आईला नाव सांगीन' म्हणण्यापुरत्या. सहावीच्या वर्गात एवढं एकच निरीक्षण काढलं, तर तासभर पुरेल इतकी भांडणं होतील.

आणि माधुरी पुरंदरे. या आढाव्यात त्यांना जास्त जागा द्यावी लागते, कारण वर्गात बोलणं व्हावं म्हणून पुस्तकं रचण्याचं काम त्यांनी जितक्या विचारपूर्वक केलं, तितकं मराठीत क्वचितच कोणी केलं असेल. 'वाचू आनंदे'चे भाग, 'लिहावे नेटके', 'चित्रवाचन', 'राधाचं घर', यशच्या गोष्टी. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. 'चित्रवाचन' तर वाचायला नाहीच, बोलायला आहे. 'बाबांच्या मिश्या'मध्ये अनू नावाच्या चिमुरडीला बाबांच्या मिश्यांचं भारी वेड. मिश्या नसलेल्यांनाही ती मिश्या लावून बघते. गोष्ट एवढीशी. पण वऱ्हाडातल्या एखाद्या गावच्या दुसरीत हे पुस्तक उघडून बघा. 'माह्या बापाले मिशा नाई' इथून सुरुवात होईल, आजोबांच्या पिळाच्या मिशीवर जाईल, मग कोणीतरी म्हणेल की आमच्या आजीलेही थोडी आहे, हशा होईल, आणि तेवढ्यात एखादी पोरगी विचारेल की बाईला मिशी असली तर लोक हसतात काहून? इथे वर्गातली खरी चर्चा उभी राहते. पुस्तकात हा प्रश्न छापलेला नाही, गुरुजींच्या टाचणातही नाही.

हे घडतं कसं? गमतीच्या चित्रकथेत शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरंच दाखवतं. शब्द म्हणतात, चिंटू अभ्यास करतोय. चित्रात पुस्तकाआड भलतंच काही चाललेलं असतं. ही फट मोठ्यांच्या आधी पोरांच्या डोळ्यांना दिसते, कारण मोठा माणूस मजकूर वाचत असतो आणि पोरगं चित्र. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, तोही अशा वेळी वर्गाच्या पुढे असतो. दुसरं असं की चूक पात्रानं केलेली असते. स्वतःच्या चुकीबद्दल तोंड न उघडणारं पोर पात्राच्या चुकीबद्दल भरभरून बोलतं, आणि बोलता बोलता आपलीच चूक सांगून मोकळं होतं. तिसरं कारण साधं आहे. हसलेला वर्ग आधीच आवाज करून बसलेला असतो. पहिला आवाज काढण्याची भीती गेलेली असते.

अमेरिकेत हे फार आधी आणि वेगळ्या वाटेनं लक्षात आलं. १९५४ मध्ये जॉन हर्सी या लेखकानं 'लाइफ' साप्ताहिकात तिथल्या बालवाचनमालांवर तोफ डागली. सगळी पोरं गुणी, सगळी अंगणं स्वच्छ. असल्या पुस्तकांतून वाचायला शिकणार कोण? त्यातून १९५७ ला डॉ. सूस यांचं 'द कॅट इन द हॅट' आलं, अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं. आई घरी नसताना एक आगाऊ मांजर येऊन घराची वाट लावतं, सगळं आवरतं आणि निघून जातं. शेवटी आई विचारते, दिवस कसा गेला? आणि पुस्तक वाचणाऱ्यालाच विचारतं की तू असतास तर सांगितलं असतंस का? उत्तर देत नाही. आपल्याकडे हेच पुस्तक निघालं असतं तर खाली 'आईपासून काही लपवू नये' अशी ओळ नक्की आली असती. तात्पर्याचा हा सोस एवढा खोल आहे की गोष्ट संपली की पोरं न विचारताच 'यातून आपल्याला असा बोध मिळतो' सुरू करतात. तात्पर्य आलं की वर्ग गप्प बसतो, कारण आता बोलायला काही उरत नाही.

उलट्या टोकाची भीतीही तिथलीच बघण्यासारखी आहे. डेव्ह पिल्की यांच्या 'कॅप्टन अंडरपँट्स' या मालिकेवर इतक्या पालकांनी आक्षेप घेतले की अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत ती २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षं पहिल्या क्रमांकावर होती. मुख्याध्यापकाला चड्डीवर फिरवणारं पुस्तक पोरं मिटक्या मारत वाचतात, हे पालकांना पचत नव्हतं. आपल्याकडे असल्या पुस्तकावर तक्रार होण्याची वेळच येत नाही. निवड समितीतच ते गळतं.

चर्चेची पद्धत म्हणून जगभर ज्याचा आधार घेतात, ते एडन चेंबर्स यांचं 'टेल मी' हे पुस्तक १९९३ चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कळलं नाही, आणि काय काय पुन्हा पुन्हा येताना दिसलं, एवढंच विचारा. 'का' शक्यतो विचारू नका. 'का' म्हटलं की पोराला वाटतं, झडती सुरू झाली. मला यातला 'काय कळलं नाही' हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या शाळेत न कळणं हा गुन्हा आहे. तिथे तो विषय होतो. आणि विनोद न कळलेल्या पोराला तो कळलेल्या पोरानं समजावून सांगणं, हे ऐकण्यासारखं असतं. समजावताना विनोद मरतो, पण भाषा चांगली तावून निघते.

आता वऱ्हाडाकडे येऊ. हसवत हसवत प्रश्न विचारायचा आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचं, ही रीत इथल्या मातीला नवी नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन दुसरं काय होतं? बाबा विचारत, समोरची गर्दी उत्तर देत असे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघत असे, आणि हसता हसता लोक स्वतःच्याच नवसांवर, कर्जावर, दारूवर बोलू लागत. भाषा अस्सल वऱ्हाडी. व्यासपीठावरून उपदेश झोडायला बाबांना काही कमी अधिकार नव्हता. तरी ते विचारत राहिले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण त्यांची ही पद्धत शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'संवादी अध्यापन' असल्या बाहेरून आणलेल्या नावानं शिकवली जाते. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञानं पडद्यावर सरकचित्रं दाखवून समजावण्यापेक्षा कीर्तनाचं एखादं ध्वनिमुद्रण ऐकवलं असतं तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत जास्त लोक जागे राहिले असते.

बोलीचा प्रश्न मात्र अवघड आहे. वऱ्हाडी विनोद पोटभर आहे. विठ्ठल वाघांनी अकोल्यात बसून वऱ्हाडी म्हणींचा अभ्यास केला. पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' अख्खी वऱ्हाडीत आहे. यवतमाळचे शंकर बडे आणि मिर्झा रफी अहमद बेग यांनी या बोलीवर मंडपच्या मंडप हसवले. पण हे सगळं मोठ्यांसाठी. गमतीची, रंगीत चित्रांची, वऱ्हाडी बोलणाऱ्या पोट्ट्याची गोष्ट दुकानात मागा; दुकानदार चिंटू काढून देईल. चिंटू गुणी आहे, पण त्याच्या सोसायटीतले जोशीकाकू आणि सतीशदादा धामणगावच्या पोराला पाहुण्यासारखे वाटतात. उलट वऱ्हाडी बोलणारं पात्र मराठी मालिका-सिनेमात येतं, ते बहुधा हसं होण्यासाठी. म्हणजे पोराला बाहेरून कळतं ते हे की आपली बोली विनोदी आहे, आणि वर्गात कळतं ते हे की ती चुकीची आहे. मग ते तोंड उघडेल कशाला?

भाषाशास्त्र शिकलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणमध्ये याच गाठीवर काम केलं. फलटणच्या बोलण्यातल्या वैविध्यावर त्यांचा प्रबंध आहे. पुढे त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा काढली. मुलाच्या तोंडात जी मराठी आहे तिथून सुरुवात करायची, प्रमाण भाषा पुढे येतच जाते, हा त्यांचा आग्रह. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम आणखी वेगळा आहे. तिथे नटमंडळी बालसाहित्यातल्या गोष्टी ग्रामीण शाळांत सादर करतात आणि त्यानंतर मुलांबरोबर भाषेचं काम होतं. गोष्ट आधी अंगात येते, मग तोंडात, मग वहीत. वऱ्हाडात असं काही सुरू करायचं झालं तर नटांची वानवा पडणार नाही. नाटक, भारूड आणि सोंगं इथल्या गावागावात आहेत.

सरकारनंही वेळोवेळी दार किलकिलं केलं आहे. करोनाच्या काळात २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, युनिसेफ आणि 'प्रथम बुक्स' यांनी मिळून 'गोष्टींचा शनिवार' सुरू केला. दर शनिवारी वयोगटानुसार चित्रकथा मोबाइलवर यायच्या, सोबत काही कृती. गोष्टी चांगल्या होत्या. पण दुवा पुढे ढकलला गेला की काम झालं, अशी समजूत झाली, आणि पोरगं काय म्हणालं ते परत येण्याची वाट त्यात नव्हती. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. दप्तराचं ओझं उतरवून मुलांनी गोष्टी, खेळ, कला यांत रमावं, हा हेतू. प्रत्यक्षात त्यात काय घुसवायचं याची यादी लांबत गेली की गोष्टीची पाळी येईपर्यंत सुट्टीची घंटा होते. बहुवर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. चौथीला चर्चेत बसवायचं तर दुसरीला कुठे बसवायचं, हा त्यांचा रोजचा पेच आहे. गंमत अशी की चित्रपुस्तकच त्यातली त्यात दोन्ही वर्गांना एकत्र बसवू शकतं, कारण दुसरीतलं पोर चित्रात जे बघतं ते चौथीच्या नजरेतून निसटतं.

'प्रथम बुक्स'च्या पुस्तकांत शृंगेरी श्रीनिवास नावाचा एक शेतकरी आहे. लेखिका 'नोनी', म्हणजे रोहिणी नीलेकणी. श्रीनिवासचे केस वर्षातून एकदा कापायचे असतात. तो न्हाव्याकडे जातो, बायकोकडे, शिंप्याकडे, सुताराकडे. कोणालाच वेळ नसतो. शेवटी गाठ पडते वाघाशी, आणि केसांचा प्रश्न आपोआप सुटतो. अकोल्याच्या वर्गात हे पान उलटलं की हशा ठरलेला. पण धारणी-चिखलदऱ्याकडे, म्हणजे मेळघाटात, हेच पान उलटताना जपून. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तिथल्या पोराला वाघ चित्रातून माहीत नसतो; गाय गेलेली असते, पंचनामा झालेला असतो, व्याघ्रप्रकल्पापायी अख्खी गावं उठलेली असतात. तिथे हशा होईल न होईल, बोलणं मात्र नक्की होईल, आणि ते पुस्तकाच्या लेखिकेनं कल्पिलेल्या बोलण्याहून फार वेगळं असेल. शिक्षकानं अशा वेळी 'अरे, ही तर गंमत आहे' म्हणून विषय मिटवू नये. गमतीनं दार उघडलं आणि आत भीती निघाली, तर तिच्यावरच बोलावं.

मेळघाटात शिवाय भाषा बदलते. कोरकू ही मुंडा कुळातली. मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीतल्या कोरकू पोराला मराठी विनोद समजणं सोडा, त्यातलं वाक्यही अर्धं कळतं. 'स्टोरीवीव्हर' या खुल्या व्यासपीठावर आता कोरकूतही चित्रकथा आहेत, 'उन्नती' संस्थेनं त्यासाठी मेहनत घेतली. हे व्यासपीठ २०१५ मध्ये सुरू झालं, आणि त्यावरच्या गोष्टी कोणीही आपल्या भाषेत आणून छापू शकतं, परवानगीसाठी पत्रव्यवहार लागत नाही. एखाद्या गुरुजीनं तिथली गोष्ट वऱ्हाडीत उतरवली तर कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती लाज.

गमतीच्या पुस्तकांचा आढावा घेताना एक कोपरा टाळून चालणार नाही: हसतं कोण आणि कोणावर? बालविनोदाचा जुना माल बराचसा जाड्या, तोतऱ्या, काळ्या, गावंढळ माणसावर उभा आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चवाळा इथे फासेपारधी मुलांसाठी मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये शाळा काढली, तिचं नावच 'प्रश्नचिन्ह'. पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ ला गेला, शिक्का गेला नाही. आता चित्रकथेतला नेहमीचा चोर आठवा. खुंटं वाढलेली दाढी, अंधारातून येणारा काळा चेहरा, पाठीवर पोतं, शेवटी पोलीस त्याला धरतात आणि सगळे हसतात. पारधी पोरांच्या वर्गात या चित्राचं काय करायचं? ते पान फाडावं, असं मला वाटत नाही. चोर असाच का काढला, हे पोरांनाच विचारावं. चित्रकाराला असा चोर कुठे दिसला असेल? शहरात फसवणारा, बँक बुडवणारा चोर कसा काढाल? विनोदाला धार तिथून पुढे येते. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या, त्यात ग्रंथालय होतं. नागपूरहून मुंबईकडे सुसाट निघालेल्या प्रवाशाला ते कळायचं कारण नाही.

आणखी एक मोठा वर्ग या चर्चेत गाळला जातो. अकोला, बाळापूर, अकोट, अचलपूर, अमरावती इथे उर्दू माध्यमाच्या भरपूर शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्यासुद्धा. उर्दूत चचा छक्कन आहेत. 'अनारकली' नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांनी ते उभे केले. चचा भिंतीवर एक तसबीर टांगायला निघतात आणि सगळं घर कामाला लावतात. मूळ जेरोम के. जेरोमच्या १८८९ मधल्या पुस्तकातले अंकल पोजर. पण उर्दूत ते इतके मुरले की इंग्रजी वास राहिला नाही. आमच्याकडे चिं. वि. जोशींचा चिमणराव आहे. एकाच गावातल्या मराठी आणि उर्दू शाळांनी एका शनिवारी आपापला घोळ घालणारा बाप्या घेऊन एकत्र बसायला हरकत नाही. घरात काम कोण करतं आणि करतो म्हणून मिरवतं कोण, यावर दोन्हीकडच्या पोरींना सांगण्यासारखं बरंच असेल.

मग अडतं कुठे? पैशावर थोडं. समग्र शिक्षा अभियानात ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद असते; रंगीत चित्रपुस्तकं घ्यायला ती रक्कम लहान, पण अगदीच नगण्य नाही. जास्त अडतं निवडीवर. पुस्तकं वरून ठरतात, गठ्ठ्यानं येतात, थोर पुरुषांची चरित्रं त्यात हटकून असतात, आणि पेटी वाचनालयाच्या कुलपाची किल्ली पुस्तकं फाटतील या धास्तीनं कपाटात राहते. चित्रपुस्तक फाटलं नाही तर ते वाचलं गेलं नाही, एवढा साधा हिशेब तपासणीला येणाऱ्या साहेबानं मानला, तरी निम्मं काम होईल. उरलेलं अडतं नोंदीवर. तोंडी चर्चा मूल्यमापनात लिहायची कशी? वर्णनात्मक नोंदीत 'चर्चेत सहभाग घेतो' हे वाक्य साऱ्या वर्गासाठी एकदमच लिहिलं जातं. त्यापेक्षा त्या दिवशी पोरानं विचारलेला प्रश्न त्याच्याच बोलीत, 'काहून'सकट, नोंदवहीत उतरवून ठेवायला एक ओळ पुरते.

आणि पुस्तकांबद्दल बोलायचं तर वऱ्हाडाचं स्वतःचं खोडकर पोर अजून कागदावर यायचं आहे. कपाशीच्या गंजीवरून घसरणारं, पऱ्हाट्यांच्या ढिगात लपणारं, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना भलताच रंग देऊन बसणारं, बापाचं पीककर्ज आणि आईचा बचत गट दोन्ही जवळून पाहिलेलं. ते पोर पोरगी असली तर आणखी बरं. लिहिणारे इथे आहेत, रेषा मारणारेही आहेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी शिक्षकांच्या निबंध स्पर्धा एखाद्या वर्षी बाजूला ठेवून चित्रकथेची आठ पानं मागवली, आणि ती छापण्याआधी चौथीच्या एका वर्गात वाचून दाखवली, तर कुठल्या पानावर पोरं हसत नाहीत आणि कुठल्या पानावर हात वर होतात, ते पहिल्याच दिवशी कळेल.